रांबुटान धरलं तो श्रावण

"सरू, हय ये गो. हातातला टाक आणि ये."

माईंनी, माझ्या सासूबाईंनी, हाक मारली तेव्हा मी पडवीतला केर काढत होते. श्रावणातला रविवार होता. रात्रभर पाऊस लागून राहिला होता आणि सकाळी जरा उघडीप मिळाली होती. केरसुणी टाकायचं लक्षातच आलं नाही, तशीच हातात घेऊन मी मागच्या दाराने बाहेर गेले.

न्हाणीचं पाणी जिथे वाहून जातं तिथे आमचं रांबुटानचं झाड होतं. माई त्याच्याखाली उभ्या होत्या. आंबे काढायची आकडी खोडाला टेकवून ठेवलेली, पदराचा ओचा धरलेला, आणि ओच्यात तीन फळं. लाल, लिंबापेक्षा थोडी मोठी, अंगभर केस असलेली.

"धरला गो झाड," माई म्हणाल्या.

मी वर झाडाकडे पाहिलं, मग ओच्यातल्या फळांकडे, मग माईंकडे. माई माझ्याकडे बघत नव्हत्या.

"तीनच?"

"तिनूच. बाकीची खारीन खाल्ल्यान असतली."

त्या वेळी तुला काय वाटलं, असं पुढे मला पुष्कळ जणींनी विचारलं. सावंतवाडीच्या नणंदेने तर खोदून खोदून विचारलं. खरं सांगायचं तर काही वाटलं नाही. पडवीतला केर अर्धा राहिलाय, कोंबड्या तो परत पसरतील, एवढं मात्र वाटलं. तोवर मला असं होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. सुईसुद्धा बोटात घुसायची आणि रक्त दिसल्यावर मला कळायचं.

पण त्या तीन फळांनी माझा सगळा जन्म फिरवला. ते समजायचं तर दिगंबरपासून सांगायला हवं.

दिगंबर आरोंदेकर माझा नवरा. त्याच्याबद्दल मी आता अरे-तुरेनेच बोलते, कुणी नाकं मुरडली तरी. तो अठ्ठावीस वर्षांचाच राहिला आणि मी म्हातारी झाले, मग मान कुणी कुणाला द्यायचा? मी घाटावरची, आजऱ्याची. वडील एसटीत कंडक्टर. वेंगुर्ल्याची गाडी घेऊन जायचे, त्या ओळखीतून हे स्थळ आलं. मुलगा मालवाहू बोटीवर स्वयंपाकी आहे, वर्षातून दोन महिने घरी असतो, असं कळल्यावर माझी आई म्हणाली, बरंच आहे, दहा महिने सुखात राहशील. लग्नानंतर तिची ही थट्टा मी दिगंबरला सांगितली. तो इतका हसला की माई चुलीपाशी उठून बघायला आल्या.

बोलका माणूस. बोटीवरून आला की वाडीतली पोरंबाळं, बायका, म्हातारे, सगळे आमच्या ओट्यावर. दुसरे खलाशी घड्याळं आणि टेपरेकॉर्डर आणायचे. हा फळांच्या गोष्टी आणायचा. प्रत्येक बंदरात उतरला की आधी बाजारात जायचा, कारण स्वयंपाकी. महिना महिना समुद्रावर राहून माणसांच्या हिरड्या सुजतात, तोंड येतं, डबाबंद खाऊन पोट धरतं. ह्याने मिळेल ते फळ पोत्याने आणून त्यांना चारायचं. त्यातून त्याला नाद लागला. डुरियन म्हणून एक फळ, आपल्या फणसासारखं काटेरी, वास असा की तिकडच्या हॉटेलात पाटी लावलेली असते, हे आत आणू नका. सलाक म्हणून एक, त्याची साल सापाच्या कातीसारखी. आणि मँगोस्टीन. ते म्हणजे आपल्या कोकमाची बहीण, हे तो अगदी पटवून सांगायचा. साल जाड, जांभळी, वाळवून ठेवतात आणि पोट बिघडलं की उकळून पितात, आपण सोलं वापरतो तसंच. त्या फळाच्या बुडाला पाकळ्यांचं फूल असतं. त्या मोजायच्या, जितक्या पाकळ्या तितक्या आत फोडी. फोडायच्या आधी आकडा सांगायचा आणि बोटीवरच्या लोकांशी पैज लावायची. कधी हरला नाही म्हणे.

माई हे सगळं सोलं वाळत घालता घालता ऐकायच्या. "आमच्या कोकमीक बहीण खयसून इली?" असं म्हणायच्या, पण ऐकायच्या.

शेवटच्या सुट्टीला तो पिनांगहून निघाला तेव्हा ह्या रांबुटानची पिशवी घेऊन आला. विमानाने मुंबई, तिथून रात्रीची एसटी. घरी पोचेपर्यंत फळांचे केस काळे पडून गेले होते. मी म्हटलं, ही काय नासकी फळं आणलीत? तर म्हणाला, नासकी नाहीत, शिळी. झाडावरून उतरवलं की दोन दिवसांत केस काळे होतात, पण आत काही बिघडत नाही. नखाने साल फोडली. आत लिचीसारखा पांढरा, पाणीदार गर. गोड, किंचित आंबट. मलाया मुलखातलं हे मूळ फळ, सांगत होता, तिकडे प्रत्येकाच्या परसात एक तरी झाड असतंच, जसा आपला फणस. साल उकळून तापावर देतात, बिया भाजून खातात.

"पण ह्या काय खरा न्हय," तो मला म्हणाला. "झाडावरचा ताजा खाशीत तेव्हा कळात तुका, घाटणी."

बिया मात्र आम्हाला भाजू दिल्या नाहीत. ही बी सुकली की मरते, आठवड्याच्या आत मातीत जायला हवी. त्याने त्या ओल्या पंच्यात बांधून ठेवल्या, मग नारळाच्या करवंट्यांत लावल्या. सहा-सात रुजल्या. काही उंदरांनी नेल्या, काही जळल्या. एक रोप जगलं. ते त्याने न्हाणीच्या पाण्यावर लावलं, भोवती काटक्यांची कूड केली आणि वरून नारळाच्या चुडतांची सावली.

जायच्या दिवशी सकाळी बॅग ओट्यावर ठेवून तो त्या रोपापाशी गेला. रोपाला चार पानं होती. माई आणि मी मागे उभ्या. तो माईंना म्हणाला, "आये, ह्याका फळ लागतला त्या वर्षी मी बोट सोडून कायमचो घराक येतलंय. तवसर ह्याका पाणी घाल." आणि माझ्याकडे बघून डोळा मारला, माईंसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीच त्याची शेवटची फेरी. मलाक्क्याच्या सामुद्रधुनीत एका सकाळी तो बोटीवर नव्हता. रात्री भांडी आवरून डेकवर गेलेला कुणी तरी पाहिला होता. चहाच्या वेळेला चूल पेटली नाही म्हणून शोधाशोध झाली. पडला असेल म्हणाले. कुणी म्हणालं, उतरून गेला असेल कुठे, तिकडे बरेच जातात. कंपनीचा माणूस येऊन गेला, पोलीस येऊन गेले. प्रेत काही मिळालं नाही. ज्याचं प्रेत नाही तो मेला असं म्हणायची माईंची तयारी नव्हती. आणि मला कुणी विचारलंच नाही.

त्या वर्षांत मी कोण होते ते मलाही सांगता यायचं नाही. मंगळसूत्र गळ्यात होतं. हळदीकुंकवाला मला बोलवायचं की नाही हा वाडीतल्या बायकांना प्रश्न पडायचा. काही बोलवायच्या आणि मग माझ्या कपाळापर्यंत आलेलं त्यांचं बोट अडखळायचं. एकदा एकीने बोट तसंच मागे घेऊन वाण तेवढं हातात दिलं. घरी येऊन मी ते वाण माईंपुढे ठेवलं, चहाची साखरदाणी होती, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही ती वापरायला लागलो. एवढंच. रडू वगैरे काही आलं नाही. पहिलं एक वर्ष आलं असेल, नंतर ते आटलं.

माई आणि मी दोघीच. नारळ, सोलं, कोकमाचं आगळ, फणसाच्या गराची वाळवलेली साटं, ह्यांच्यावर भागायचं. माई मला कधी वाईट बोलल्या नाहीत, हे सांगायलाच हवं. फक्त रोज संध्याकाळी झाडापाशी जाऊन उभ्या राहायच्या. उन्हाळ्यात सावली, पावसात चर, शेणखत, सगळं त्यांच्या हाताने. झाड घराच्या कौलांवर गेलं. सातव्या वर्षी फुललं. बारीक, हिरवट पांढऱ्या फुलांचे तुरे, मधमाश्यांचा नुसता गजर. माईंनी एक तुरा खाली ओढून बराच वेळ बघितला. मग तो सोडून दिला आणि घरात गेल्या. त्या वर्षी फळ धरलं नाही. पुढच्या वर्षी फुललं, तेव्हाही नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही.

बारा वर्षं झाली तेव्हा आजऱ्याहून माझा दादा आला, गावातल्या भटजींना घेऊनच आला. माणूस परागंदा होऊन बारा वर्षं उलटली तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन करतात. पालाशविधी म्हणतात त्याला. मग त्या माणसाचं श्राद्ध घालता येतं, आणि त्याच्या बायकोला कसली तरी एक बाई होता येतं. दादाने हे सगळं चांगल्या शब्दांत मांडलं. सरोज अजून पस्तिशीची आहे, म्हणाला. तिला पुढे आयुष्य आहे. तुम्हालाही आम्ही अंतर देणार नाही.

माई ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "दिगून सांगितल्यान हा, झाडाक फळ लागतला त्या वर्षी येतलंय म्हणान. फळ लागांदे. फळ लागला आणि तरी तो इलो नाय, तर मीच माझ्या हातान पालाश करतंय. मगे हिका खय जावचा थय जावंदे. त्याच्या आदी माझ्या घरात त्या नाव काढू नको."

भटजींनी दादाकडे बघितलं. दादाने माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप उचलले. दादा परत गेला, आणि आमची साटं वाळत पडली होती ती मी उलटी केली.

आता मुकुंद धुरींचं सांगते. सावंतवाडीच्या रस्त्याला त्यांची नर्सरी होती. बायको बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं. आमच्या कुंपणाला एक कोकमीण होती, तिचं फळ मोठं आणि साल जाड, म्हणून तिच्या काड्या कलमांसाठी न्यायला ते यायचे. कोकमीचं कसं आहे, बी लावली तर निम्मी झाडं नर निघतात. फुलतात, पण धरत नाहीत. ते ओळखण्यात माईंचा हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं. पहिल्या फुलाला सांगायच्या, हा नर, ह्याका तोडा, जागा फुकट खाता. लोक त्यांना आपल्या परसात बोलवून न्यायचे.

धुरी घुमे. काड्या कापायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, चहा घ्यायचे, जायचे. मग हळूहळू काड्या नसतानाही यायला लागले. एकदा मला म्हणाले, तुमच्या हातची साटं आमच्या बहिणीला आवडली. दुसऱ्या वेळी म्हणाले, बहिणीने तुम्हाला विचारायला सांगितलंय. काय विचारायला ते सांगायला त्यांना आणखी दोन खेपा लागल्या. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माईंची अट सांगितली. सगळ्या गावाला ठाऊक होती, त्यांनाही होती.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी झाड पुन्हा फुललं होतं. धुरी आले, काड्या झाल्या, आणि मग म्हणाले, ते झाड बघू का? मी त्यांना मागे नेलं. माई स्वयंपाकघरात होत्या. खिडकी उघडी होती आणि आत उसळीला फोडणी पडल्याचा आवाज येत होता.

धुरींनी एक तुरा तोडून तळहातावर चोळला. एक फूल नखाने उकललं. मग दुसरं. मग दुसऱ्या फांदीवरचं.

"हे बियेचं झाड ना?"

"होय. त्यांनी आणलेली बी."

"नर आहे," ते म्हणाले. "रांबुटानचंही कोकमीसारखंच. बी लावली की नर निघतो पुष्कळदा. हे शंभर वर्षं फुललं तरी फळायचं नाही."

आतला फोडणीचा आवाज थांबला होता. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही, पुढे आलं. मी म्हटलं, बरं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, उपाय आहे. मादीची फांदी आणून ह्याच्यावर कलम बांधतो, तीन-चार वर्षांत फळं खाल. मी म्हटलं, ती फळं ह्या झाडाची असतील का? त्यांनी हातातला चुरडलेला तुरा टाकून दिला. मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, नुसतं खायचंच असेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हल्ली मिळतात, पावसाळ्यात केरळवाले आणतात.

"माईंना हे सांगू नका," मी म्हटलं. "नर आहे ते."

"आणि मग आपलं?"

"मला भांडी घासायची आहेत," मी म्हटलं, आणि खरोखरच जाऊन भांडी घासली. मला वाईट वाटायला हवं होतं. दार बंद झालं, कडी लागली, आता कुणी उघडणार नाही, हे मला समजलं. पण समजलं तेवढंच. त्याचा त्रास झाला नाही. उलट थोडं बरंसुद्धा वाटलं असेल, कारण आता काही ठरवायला नको.

त्यांनी मात्र धीर सोडला नाही. आषाढात येऊन गेले, ओट्यावर बसले, माईंसमोरच मला म्हणाले की चवथीपर्यंत काय ते कळवा. बहीण माझ्यासाठी म्हापण गावात दुसरं स्थळ बघते आहे. मी तिला किती दिवस थोपवू? हे बोलताना त्यांच्या कपाळाला घाम आला होता. बिचारा आयुष्यात एवढं लांब कधी बोलला नसेल. मी काही उत्तर द्यायच्या आत माई उठून आत गेल्या आणि सोलाची परडी घेऊन आल्या. त्यांच्या हातात देत म्हणाल्या, बहिणीक दी.

श्रावण लागला. एका गुरुवारी माई म्हणाल्या, डोळे दाखवायला म्हापशाला जाते, भाची तिथे आहे, एक-दोन दिवस राहीन. माई बांद्याच्या पुढे कधी एकट्या गेल्या नव्हत्या. मी येते म्हटलं तर म्हणाल्या, घराक कोण? तांबड्या काठाचं लुगडं नेसल्या, पिशवीत डोळ्यांचे कागद घातले, छत्री घेतली आणि एसटीला उभ्या राहिल्या. शनिवारी दिवेलागणीला परत आल्या. डॉक्टर काय म्हणाले विचारलं तर म्हणाल्या, म्हातारपण म्हणता. जेवल्या नाहीत. पिशवी आपल्या उशाशी घेऊन झोपल्या.

आणि रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली.

ओच्यातली तीन फळं त्यांनी माझ्यापुढे धरली. मी एक उचललं. केस टोकांना काळे पडलेले होते. एकाचे तर निम्म्याच्या वर काळे. मी ते बोटांनी फिरवून बघितलं. खोडाला लावलेल्या आकडीकडे बघितलं. रात्रभर पाऊस, आणि अंगण, कुंपण, झाड, सगळं भिजलेलं. आकडी कोरडी ठणठणीत होती.

मला कळलं. कळायला वेळ नाही लागला. पण माई जे करत होत्या त्याचा अर्थ अजून माझ्या आत शिरत नव्हता. मी तशीच उभी राहिले, आणि सवयीने जे तोंडात येतं ते बोलले.

"देवाला नेऊन येते आधी."

हे सांगायला हवं, आमच्याकडे कुठल्याही झाडाचं पहिलं फळ घरातलं कुणी खात नाही. फणस असो, काजू असो, परसातली काकडी असो. पहिलं ग्रामदेवाला, रवळनाथाला. माई ह्या बाबतीत फार कडक. एकदा शेजारच्या पोराने आमच्या पेरूचा पहिला पेरू तोंडाला लावला तर माईंनी तो त्याच्या तोंडातून काढून घेतला होता, आणि तो उष्टा म्हणून त्या वर्षीचे सगळे पेरू देवाला दिले होते. आम्हाला एक खाऊ दिला नाही. आणि हे झाड तर त्यांनी देवासारखं वाढवलेलं.

मी हात पुढे केला. माईंनी ओचा मागे घेतला.

"देवाक नको," त्या म्हणाल्या.

"माई?"

"देवाक नको, म्हटलंय मा. तू खा."

आता त्या माझ्याकडे बघत होत्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. जबडा घट्ट. मला खोटं सांगायची त्यांची तयारी होती. वाडीला, दादाला, भटजींना, सगळ्यांना सांगायची होती. रवळनाथापुढे मात्र ते फळ ठेवायची नव्हती.

मी साल फोडली. गर तोंडात टाकला. गोड लागलं असेल. मी बीभोवती चावत राहिले आणि माई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"गोड आसा?"

"गोड आहे."

"झाडावरचा म्हणान," माई म्हणाल्या. "ताजा मा."

"होय," मी म्हटलं. "ताजं आहे."

त्यांनी मान हलवली. मग तिथेच, ओल्या मातीत, खोडाला पाठ लावून बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना जमिनीवर अशा धपकन बसलेलं पाहिलं नव्हतं. दोन फळं ओच्यातून घरंगळून खाली पडली. "दिगू नाय इलो गो," त्या म्हणाल्या. "फळ लागला आणि दिगू नाय इलो." मग ज्या रडण्याला आम्ही दोघींनी बारा-तेरा वर्षं घरात घेतलं नव्हतं ते त्यांना आलं. वाडीभर ऐकू जाईल असं. मी त्यांच्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला. मला मात्र तेव्हाही आलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी दादाला निरोप धाडला. पळसाची पानं त्यांनी स्वतः निवडली. पुतळा बांधताना भटजींनी डोक्याच्या जागी नारळ ठेवला, तो माईंनी उचलून दुसरा ठेवला, म्हणाल्या, ह्याचो डोळो फुटको आसा. अग्नी चुलतदिराने दिला. मी मंगळसूत्र काढून माईंच्या हातात दिलं. त्यांनी ते कमरेला खोवलं. चवथीच्या आधी धुरींना निरोप गेला, तोही माईंनीच पाठवला.

दिवाळीनंतर साधंसं लग्न झालं, सावंतवाडीला. निघायच्या दिवशी माई मला न्यायला आलेल्या रिक्षापर्यंत आल्या. हातात सोलांची पिशवी, साखरदाणी कागदात गुंडाळलेली. मी वाकले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मी रिक्षात बसले, आणि मला सारखं वाटत होतं की काहीतरी म्हणायला हवं. म्हणून म्हटलं, त्या फळाची बी मी जपून ठेवलीय, तिकडे लावीन म्हणते.

खरोखरच ठेवली होती. ओल्या फडक्यात, मग कुंडीत. रुजून तिला दोन पानंसुद्धा आली होती. ती कुंडी माझ्या पायांशीच होती.

माईंनी कुंडीकडे बघितलं. मग वाकून ती बाहेर काढली आणि बांधावर ठेवली.

"बियेचा नको," त्या म्हणाल्या. "तुझ्या दारात लावशीत तर कलम लाव. बियेचो नर निघता. पहिल्याच फुलाक कळता ता माका."

रिक्षा चालू झाली. पहिल्याच फुलाला. म्हणजे सातव्या वर्षी, तो तुरा खाली ओढून बघितला तेव्हा. दादासमोर, भटजींसमोर ओट्यावर पाय सोडून त्या बोलल्या होत्या, फळ लागांदे, त्याच्या कितीतरी आधीच. हे झाड फळणार नाही हे माहीत असताना त्यांनी ती अट घातली होती. झाड फळत नव्हतं तोवर दिगंबर कुठे तरी होता. आणि मग आपल्याच पायांनी त्या म्हापशाला गेल्या होत्या.

मी मागे वळून पाहिलं. माई बांधावर उभ्या होत्या, शेजारी ती कुंडी. शिरोड्याच्या तिठ्यापर्यंत मी नीट बसले होते. तिठ्यावर रिक्षा वळली आणि माझं रडू सुटलं, इतकं की रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली आणि मला विचारलं, ताई, काही विसरलं काय मागे?

आमच्या दारात आता रांबुटानचं कलम आहे. ह्यांनी बांधलेलं. चौथ्या वर्षी धरलं. पहिला घोस मी रवळनाथाला नेऊन ठेवला आणि तिथून तसाच माईंकडे नेला. त्यांनी एक फळ उचलून केस बघितले, लालच होते. मग साल फोडून खाल्लं, आणि म्हणाल्या, ह्या ताजा.

मागचं झाड त्यांनी शेवटपर्यंत तोडू दिलं नाही.